ओहोटीने मागे ठेवलेली चटईभर जागा: किनाऱ्यावरच्या लहान दृश्यांच्या फोटोंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणच्या पुळणीवर संध्याकाळी गेलात तर बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल एकाच दिशेला वळलेले दिसतात: पश्चिमेला, बुडत्या सूर्याकडे. माझं लक्ष मात्र पायाशी असतं. ओहोटीने ओढलेली वाळूची नक्षी, कातळातलं एखादं डबकं, फेसाची विरत जाणारी कड. अशा फोटोंबद्दल लोक जे प्रश्न मला परत परत विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. मी रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर हिंडते, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच आहेत.

लहान दृश्य म्हणजे मॅक्रो फोटोग्राफीच ना?

नाही. मॅक्रोत एक वस्तू मोठी करून दाखवतात: खेकड्याचा डोळा, शंखावरची रेघ. इथे आपण निसर्गदृश्यच टिपतो, फक्त ते चटईएवढ्या जागेत मावतं. आकाश नाही, क्षितिज नाही. दोन-चार गोष्टी आणि त्यांचं आपसातलं नातं, एवढाच ऐवज: दगड आणि त्याला वळसा घालून गेलेलं पाणी, सुरूच्या झाडाची काडी आणि तिच्या आडोशाला साचलेली काळी वाळू. नुसता दगड किंवा नुसती काडी असेल तर तो त्या वस्तूचा फोटो होतो. दुसरी गोष्ट आली आणि पहिलीला तिच्यामुळे अर्थ आला, की दृश्य तयार होतं.

या प्रकाराला ओळख मिळवून देण्यात अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर यांचा मोठा वाटा आहे. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं आणि त्याच्या नावातच 'जवळची निसर्गदृश्यं' असा अर्थ होता. एकाच छायाचित्रकाराच्या रंगीत कामाला तिथे स्वतंत्र प्रदर्शन मिळण्याची ती पहिली वेळ. त्यांच्याही आधी एडवर्ड वेस्टन यांनी कॅलिफोर्नियातल्या पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर खडक आणि समुद्री वनस्पतींची कृष्णधवल छायाचित्रं काढली. ती बघताना दगड किती मोठा आहे ते पटकन कळत नाही, आणि त्यामुळेच आपण त्याच्याकडे नीट बघतो.

किनाऱ्यावर जायचं कधी?

सूर्योदयाची वेळ बघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. उरलेल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा हा एक पाळला तरी फोटो बदलतील.

कोकणात दर्यावर जाणारी माणसं तिथीवरून हिशेब करतात: तिथीची पाऊणपट. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. बारानंतर तेवढ्या तासांनी भरती पूर्ण होते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाच्या सुमारास, ओहोटी पूर्ण झालेली असते. भरती रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते, पाऊणपटीचं मूळ त्यात आहे. हा अंदाज आहे. दक्षिणेकडे गोव्याच्या दिशेने गेलं की भरती थोडी आधी येते, म्हणून निघण्यापूर्वी त्या बंदराचा भरतीचा तक्ताही बघावा.

आता याच हिशेबात अमावास्या किंवा पौर्णिमा घाला. भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला! शिवाय हे उधाणाचे दिवस, पाणी सर्वांत लांब ओसरण्याचे. सर्वांत मोकळा किनारा आणि सर्वांत मऊ उजेड एकाच वेळी मिळतो. अष्टमीला नेमकं उलटं होतं. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार उतरत नाही आणि सकाळ-संध्याकाळच्या चांगल्या उजेडात किनारा भरलेला असतो. म्हणून सुट्टी टाकताना मी रविवार बघत नाही, अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस बघते.

किती पाणी ओसरेल हेही जागेवर अवलंबून आहे. मुंबईत उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरपलीकडे जाते, गोव्यात ती दोन मीटरच्या आसपास राहते. उत्तर कोकणात त्यामुळे कातळाचा फार मोठा पट्टा उघडा पडतो.

ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी पोचा आणि पाणी मागे जाईल तसे त्याच्यामागे चाला. समोर नुकतीच धुतलेली, पाऊल न पडलेली वाळू येत राहते आणि तुमची पावलं तुमच्या मागे राहतात.

सकाळ चांगली की संध्याकाळ?

माझं मत सकाळकडे झुकतं. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य डोंगरामागून, माडा-सुरूंच्या रांगेमागून वर येतो, त्यामुळे सूर्योदयानंतरही बराच वेळ पुळण सावलीत असते. तिला उजेड मिळतो तो वरच्या मोकळ्या आकाशाचा. या उजेडात ओल्या दगडाचा पोत, शेवाळाचा हिरवा, जांभ्याचा तांबडा, सगळं कुठेही न भाजता टिपता येतं. आकाशामुळे थोडी निळी झाक येते. ती घरी कमी करता येते, आणि कित्येकदा ठेवावीशीही वाटते.

मग ऊन झाडांच्या शेंड्यांवरून तिरकं पुळणीवर उतरतं. वाळूवरच्या लहरींचे ठसे टिपायचे असतील तर ती पंधरा-वीस मिनिटं हातची घालवू नका. प्रत्येक वळीला सावली मिळते. ऊन वर चढलं की तीच वाळू सपाट दिसते.

ढगाळ दिवशी लोक कॅमेरा घरी ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. डबक्यांसाठी आणि शेवाळासाठी त्याहून चांगला दिवस नाही.

कोकणात नेमकं कुठे जाऊ?

कुठे काय मिळतं हे तिथल्या दगडावर आणि वाळूवर ठरतं, म्हणून ते आधी सांगते.

हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणामार्गावर लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कातळ असा कोरला आहे की काही ठिकाणी त्याची जाळीच झाली आहे. खळग्यांमध्ये पाणी साचतं, त्यात आकाशाचा तुकडा उतरतो. हा मार्ग फक्त ओहोटीचा आहे. भरतीत तिथे जाणं जिवावर बेतू शकतं, आणि परत फिरायची वेळ आधी ठरवल्याशिवाय मी तिथे उतरत नाही.

रत्नागिरीला मांडवी आणि भाट्ये इथे काळी वाळू बघा. तिच्यात इल्मेनाइट हे जड खनिज असतं. लाट मागे जाताना हलके पांढरट कण वाहून नेते आणि जड काळे कण मागे ठेवते. पाणी जणू चाळणी लावतं, आणि त्या चाळणीतून झाडाच्या फांद्यांसारखी, पिसांसारखी नक्षी उमटते. काही लाटांनंतर ती पुसली जाते. मला विचाराल तर महाराष्ट्रात लहान दृश्यांसाठी याहून श्रीमंत विषय नाही.

मालवण-वेंगुर्ल्याकडे दख्खनच्या काळ्या बेसॉल्टपेक्षा जुने, फिकट रंगाचे खडक दिसू लागतात आणि वाळूही उजळते. भोगवे, निवती हा भाग त्यासाठी बघावा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आहे, त्या पाण्यातून काहीही उचलू नका.

खाडीकडे फारसं कोणी वळत नाही. ओहोटीत तिवरांची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी उभी दिसतात. शांत पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडलं की काळ्या शाईच्या रेघांचं चित्र तयार होतं. चिखल मात्र गुडघ्यापर्यंत गिळतो, तेव्हा काठावरूनच काढा.

मुंबईकरांनी लांब जायची गरज नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट शहरातल्याच किनाऱ्यांवर ओहोटीच्या फेऱ्या काढतो. एकदा जाऊन बघा, आपल्या खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, काय काय राहतं ते कळेल. आणि घराजवळचा एकच किनारा दहा वेळा बघणं हे दहा किनारे एकेकदा बघण्यापेक्षा कधीही चांगलं.

मोबाइल चालेल का, की मोठा कॅमेरा हवा?

मोबाइल चालतो. फक्त त्याची मुख्य लेन्स रुंद असते. जवळ गेलात की कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि तुमची सावलीही चौकटीत येते. त्यापेक्षा उभं राहून दुपटीची किंवा तिपटीची लेन्स वापरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो वाळूच्या कणांमध्ये कुठे धूसर करायचं याबाबत हमखास चुकतो. रॉ फाइलची (कॅमेऱ्याने काही बदल न करता साठवलेल्या मूळ चित्राची) सोय असेल तर ती सुरू करा.

कॅमेरा असेल तर ५० ते २०० मिलिमीटरमधली कोणतीही लेन्स पुरते. माझी बहुतेक चित्रं १०० मिलिमीटरच्या लेन्सवर आहेत. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत आधी दाबून घट्ट बसवा आणि मगच चौकट ठरवा. पायांभोवती पाणी असेपर्यंत शटर दाबू नका, कारण वाळू सरकत असते आणि चित्र हलतं.

किनारा एवढा मोठा आणि सगळंच सुंदर. विषय शोधायचा कसा?

पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. कोरड्या वाळूच्या कडेने चाला, मधे शिरू नका. कुठेतरी पाय आपोआप थबकतात. तिथे स्वतःला विचारा: मी का थांबले?

उत्तर नामात आलं ('शंख', 'खेकडा', 'दगड'), तर अजून थोडा वेळ बघा. ते क्रियापदात आलं ('पाणी वळतंय', 'दोन रेषा भेटता भेटता राहिल्या', 'फेस दगडाला सोडत नाहीये'), तर दृश्य सापडलं. ही माझी सवय आहे, नियम म्हणून सांगत नाही. पण शिकायला येणाऱ्यांना तिचा फार उपयोग होतो. फोटोत शेवटी ते क्रियापदच दिसायला हवं असतं, आणि काय ठेवायचं, काय गाळायचं हेही त्यावरून ठरतं.

एकदा जागा ठरली की तिथेच थांबा. एका चटईभर जागेवर मी पाऊण तास काढते. सुरुवातीचे दहा-बारा फोटो सगळ्यांचे सारखेच असतात. ते संपले की हात मोकळा होतो.

चौकट कशी बांधायची?

कडांपासून सुरुवात करा. मधली वस्तू सगळ्यांनाच दिसते, पण चित्र बिघडतं ते कडेला. अर्धा कापलेला शिंपला, कोपऱ्यातला चमकता पाण्याचा ठिपका, बाहेर डोकावणारी काडी, यातली प्रत्येक गोष्ट नजरेला बाहेर ओढून नेते. शटर दाबण्यापूर्वी चारही कडांवरून एकदा बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा. क्षितिज नसलेल्या चित्रात हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण इथे नजरेला धरायला दुसरं काही नसतं.

मग मोकळ्या जागा बघा. रांगोळीचे ठिपके घालताना आपण ठिपक्याइतकंच दोन ठिपक्यांमधल्या अंतराकडे बघतो, तसंच. तीन दगड असतील तर प्रत्येकाला श्वास घेण्याइतकी जागा हवी. दोन आकार एकमेकांना जेमतेम टेकत असतील तर ती जागा डोळ्याला टोचते. एकतर ते स्पष्ट एकमेकांवर येऊ द्या, नाहीतर वेगळे करा. त्यासाठी दगड हलवावे लागत नाहीत. कॅमेरा दोन बोटं डावीकडे किंवा चार बोटं वर नेला की पुरतं. लांबच्या दृश्यात दोन बोटांनी काही बदलत नाही, इथे सगळं चित्र बदलतं.

उंचीही बदलून बघा. सरळ वरून पाहिलं की वाळू नकाशासारखी दिसते, नक्षीसाठी ते उत्तम. गुडघ्यावर बसून तिरकं पाहिलं की खोली येते आणि पाण्यात आकाश दिसू लागतं. पोटावर झोपून पाहिलं तर वाळूची वळी डोंगरासारखी उभी राहते, पण बाकीचं सगळं एका रेषेत चेपतं.

वरून घेतलेल्या चित्राला वरची बाजू कोणती, हा प्रश्न बरेच जण विचारतात. मी पाण्याच्या वाहण्याकडे बघते. वाहण्याच्या खुणा वरून खाली किंवा कोपऱ्यातून कोपऱ्याकडे येत असतील तर नजर सहज उतरते. घरी चित्र फिरवून बघायला हरकत नाही. फक्त उजेड खालून येतो आहे असं वाटलं तर खळगे उंचवट्यांसारखे दिसतात, एवढं सांभाळा.

चौकटीचे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा, हा तिहाईचा नियम मी डोक्यात ठेवून जात नाही. लहान दृश्यात कधीकधी विषय बरोबर मधोमधच हवा असतो, डबक्याच्या बाबतीत तर फार वेळा.

पाण्यावर चकाकी येते. पोलरायझर घेऊ का?

पोलरायझर म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची, चकाकी कमी करणारी काच. घ्या, पण फिरवून बघा आणि मग ठरवा. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघितलं तर चकाकी सर्वांत जास्त कापली जाते. डबक्याचा तळ, त्यातलं शेवाळ उघडं पडतं. सरळ वरून बघाल तर त्याचा काही उपयोग होत नाही. दीड-दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे तिसरा-चौथा हिस्साच उरतो, ते वेगळं.

चकाकी हा नेहमीच दोष नसतो. लाट मागे गेल्यावर ओली वाळू काही क्षण आरसा होते आणि तिच्यात सकाळचं आकाश उतरतं. तिथे पोलरायझर पूर्ण फिरवलात तर आरसा जातो आणि हातात नुसती तपकिरी वाळू राहते. मी बहुतेक वेळा अर्धाच फिरवते: थोडा तळ, थोडं आकाश.

पुढचं स्पष्ट येतं, मागचं धूसर. काय चुकतं?

कॅमेऱ्याची पाठ वाळूला समांतर नसते, बहुधा एवढंच. ती समांतर केली की एफ ८ वरही सगळं स्पष्ट येतं (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका मोठा, तितकं छिद्र लहान). तिरकं काढायचं असेल तर एफ ११ पर्यंत जा आणि चौकटीच्या खालच्या एक तृतीयांश भागाजवळ फोकस ठेवा. एफ १६ च्या पुढे गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच किंचित मऊ पडतं. कोरड्या कातळावर फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो जोडून एक करणं, जमतं. पाणी हलत असेल तर त्या भानगडीत पडू नका.

लाटेची कड टिपायला शटर स्पीड किती ठेवू?

फेस थिजवायचा असेल तर १/५०० सेकंद. ओसरणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या असतील तर १/४ ते १ सेकंद. त्याहून लांब गेलं तर पाण्याचं धुकं होतं, आणि लहान दृश्यात मला ते आवडत नाही. पाण्याने काय केलं तेच दिसेनासं होतं.

खरा प्रश्न केव्हा दाबायचं हा आहे. लाट येताना दाबू नका. ती वर येऊन क्षणभर थांबते आणि मग वळते, त्या वळण्याच्या आरंभी दाबा. दगडांभोवती रेषा त्याच वेळी उमटतात. एका जागेवर तीस-चाळीस लाटा वाट बघा, त्यातली एखादी कामी येते.

शिंपला उचलून हव्या त्या जागी ठेवला तर काय बिघडलं?

मी ठेवत नाही. त्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. पाण्याने आणून टाकलेल्या शिंपल्याभोवती खुणा असतात: एका बाजूला छोटा खळगा, दुसऱ्या बाजूला वाळूची शेपटी, कडेला ओलीचं वर्तुळ. हाताने ठेवलेल्या शिंपल्याभोवती यातलं काहीच नसतं. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी बसवलेलं आहे हे त्याला जाणवतं. आणि रिकामा वाटणारा शंख पुष्कळदा रिकामा नसतो, त्यात खेकडा बिऱ्हाड करून असतो.

प्लास्टिकचा तुकडा दिसला तर मी उचलून खिशात घालते. नैसर्गिक वस्तू नको असेल तर कॅमेरा हलवते. डबक्यातला दगड उलटून बघितलात तर तो होता तसा, हलक्या हाताने परत ठेवा. त्याच्याखाली राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही.

वाळूचे छोटे गोळे मांडलेली नक्षी दिसते ती कोण काढतं? जवळ गेलं की कोणीच नसतं.

ते नखाएवढे खेकडे. ओहोटीत बिळातून बाहेर येतात, वाळूच्या कणांवरचं सेंद्रिय अन्न खातात आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. बिळातून किरणांसारख्या रेषा बाहेर जातात आणि त्या रेषांवर गोळ्या. भरती आली की सगळं सपाट, पुढच्या ओहोटीला नवं.

त्यांना पावलांची थरथर आणि हलती सावली कळते. बिळापासून चार-पाच फुटांवर बसा, हलू नका. काही मिनिटांत पहिला बाहेर येतो. नक्षीचा फोटो हवा असेल तर ओहोटी पूर्ण झाल्यानंतर जा, तोवर त्यांचं काम भरपूर झालेलं असतं. तिरकं ऊन असेल तर प्रत्येक गोळीला सावली मिळते. गोळ्यांवर पाय पडू नये म्हणून मी आधी वाट ठरवते आणि मगच पुढे जाते.

कासवांचा विषय वेगळा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात. तिथे फ्लॅश लावायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही, आणि स्वयंसेवक सांगतील ते निमूट ऐकायचं. फोटो त्यानंतर.

घरी आल्यावर चित्रावर काय काय करता?

आधी काहीच नाही. दोन-तीन दिवस फाइली तशाच राहू देते. किनाऱ्यावरचा आनंद डोळ्यांतून उतरला की निवड प्रामाणिक होते.

मग काय होतं ते एका चित्राच्या आधारे सांगते. काळ्या वाळूची पिसासारखी नक्षी आणि तिच्या देठाशी सुरूची एक काडी. सकाळची सावली, वरून काढलेलं. पडद्यावर पाहिल्यावर पहिलं लक्षात आलं की चित्र निळं आणि मळकट आहे. व्हाइट बॅलन्स (चित्राचा रंग निळसर की पिवळसर हे ठरवणारी पट्टी) थोडा उबदार केला, पण निळाई पूर्ण काढली नाही. काळ्या कणांवर ती शोभत होती. पांढऱ्या कणांना थोडी ऊब मिळाली आणि दोन रंग आपोआप वेगळे झाले.

नंतर क्रॉप. मूळ चौकट ३ः२ ची, लांबट. उजवीकडे एक बोटभर जागा काहीच बोलत नव्हती. ५ः४ करून बघितलं आणि पीस चौकटीत नीट बसलं. क्रॉप करताना मी चित्र उलटं करून बघते. वस्तू ओळखू येईनाशा झाल्या की वजन कुठे जास्त झालंय ते लगेच कळतं. इथे वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा शिंपल्याचा कण होता. मी तो पुसला नाही, उजेड कमी करून मागे ढकलला.

मग उजेडाचं काम, आणि सर्वांत जास्त वेळ त्यात गेला. संपूर्ण चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवला असता तर प्रत्येक कण ओरडला असता. त्याऐवजी ब्रशने फक्त पिसाच्या देठापासून टोकापर्यंतचा भाग किंचित उजळ केला आणि चारही कडा थोड्या गडद केल्या. किती? चित्र बघणाऱ्याला कडा गडद केल्याचं कळू नये इतक्याच. क्लॅरिटी आणि टेक्स्चरच्या, म्हणजे बारीक पोत उठावदार करणाऱ्या, पट्ट्या वाळूवर फार मोह घालतात. जरा पुढे सरकवल्या की वाळूचा सॅंडपेपर होतो. त्या इथे शून्यावरच ठेवल्या.

शेवटी चित्र नखाएवढं लहान करून बघितलं. त्या आकारातही पीस दिसलं, म्हणून थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून कडांचा गडदपणा निम्मा केला. आदल्या रात्री आपण नेहमीच थोडं जास्त करतो.

चित्र सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम असो, डार्कटेबल असो की मोबाइलवरचं स्नॅपसीड, क्रम हाच राहतो.

किनाऱ्यावरचा कचरा चित्रात येऊ द्यावा का?

दोन्ही प्रकारची चित्रं काढावीत असं मला वाटतं, पण एकाच चित्रात दोन हेतू कोंबू नयेत. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यापासून कोकणापर्यंत तेलाचे काळे गोळे किनाऱ्याला लागतात. लाटेने ते वाळूत दाबले की त्यांच्याभोवतीही तशीच सुंदर नक्षी उठते, आणि ते बघून पोटात कालवतं. मी ती चित्रं काढते, आणि दाखवताना ते तेल आहे हे खाली लिहिते. न सांगता सुंदर म्हणून दाखवणं मला जमत नाही.

पावसाळ्यात काढता येतात का?

येतात, पण पाण्यापासून लांब राहून. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. दर्या त्या दिवसांत कुणाचाच नसतो. खडपात उतरू नका. भरतीरेषेच्या वरचा भाग बघा: वाहून आलेली लाकडं, मर्यादवेलीची जांभळी फुलं, पुळणीवरून समुद्राकडे जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचे छोटे ओहोळ. त्यांच्या वाळूत उमटणाऱ्या फांद्या एखाद्या नदीच्या त्रिभुज प्रदेशासारख्या दिसतात.

इतर दिवसांतही कातळावर समुद्राकडे पाठ करून वाकू नका. हिरवं शेवाळ तेलापेक्षा निसरडं असतं. परतीची वाट पाण्याखाली कधी जाते हे गावातल्या कुणाला तरी विचारून घ्या, ते आनंदाने सांगतात.

खाऱ्या हवेने कॅमेरा खराब होतो का?

काळजी घेतली नाही तर होतो. लेन्सवरचे मिठाचे शिंतोडे कोरड्या कपड्याने घासू नका. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग किंचित ओलसर कपड्याने पुसा. ट्रायपॉड त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, सांध्यांसकट. लेन्स पुळणीवर बदलू नका. एसीच्या खोलीतून निघालात तर पिशवी अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर आतून-बाहेरून बाष्प धरतं. दमट हवेत बुरशी फार लवकर लागते, म्हणून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या असू द्या.

आम्ही परदेशात राहतो. हे सगळं तिथे लागू होतं का?

बघण्याची रीत लागू होते, पाऊणपटीचा हिशेब होत नाही. तो आपल्या किनाऱ्यापुरता आहे; तिथला स्थानिक तक्ताच बघा. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही, तिथे वाऱ्याने आणि लाटेने काय केलं तेच शोधावं लागेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येतो, तेव्हा मी सकाळबद्दल सांगितलेलं तिथे संध्याकाळी करून बघा. इंग्लंडच्या गोट्यांच्या किनाऱ्यांवर गोटे सुंदर असतात, पण ते घरी आणणं बेकायदा ठरू शकतं.

प्रिंट केवढा काढू?

लहान. १० × ८ इंच मला आवडतो. ३०० पिक्सेल प्रतिइंच धरले तर त्याला ३००० × २४०० पिक्सेल लागतात, आणि तेवढे मोबाइलमध्येही असतात. चकचकीत कागदापेक्षा मॅट घ्या, वाळूचा पोत त्यावर खरा वाटतो. मॅटवर गडद भाग आणखी बसतात, म्हणून फाइल पडद्यावर दिसते त्यापेक्षा थोडी उजळ करून पाठवा, आणि पूर्ण आकारात काढण्यापूर्वी मधली एक पट्टी छापून खिडकीच्या उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून पसंत केलेला माझा पहिला प्रिंट घरी आणल्यावर हिरवट निघाला होता.